दहा कोटी एक

१० जुलै १९८३, रविवार

आजपासून रोजनिशी. गिरणी बंद आहे म्हणून माणसाने बंद पडायचं नसतं. पहाटे चारला उठायचं, गार पाण्याने अंघोळ करायची, विडी सोडायची आणि डोक्याला रोज काहीतरी खुराक द्यायचा, असं ठरवलं. टाइम ऑफिसमध्ये इतकी वर्षं कामगारांच्या हजेरीचे आकडे लावले, ते डोकं गंजून कसं चालेल? संप मिटेल, भोंगा वाजेल, साहेब विचारतील, घाडी, मधल्या काळात काय केलंस? तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

मालनला निश्चय सांगितला. ती कोणाच्यातरी साडीला फॉल लावत होती. म्हणाली, चारला उठणारच आहात तर नळावरचे दोन हंडे तेवढे भरून ठेवा. बायकोला ध्येय वगैरे समजावणं कठीण.

११ जुलै

पहाटे ७.५०. उठलो. पाणी गेलं होतं. उद्यापासून नक्की.

१४ जुलै

मुलुंडला चुलतभावाकडे, मधुकरकडे, बारशाला गेलो. पाकिटात दहा घालत होतो. मालन म्हणाली, असं काय करता, शकुनाचा एक वर नको? घातला. पण विचार सुरू झाला. का हवा? घाटकोपरला परत येताना बसमध्ये उत्तर सापडलं. दहाचे सारखे वाटे होतात, अकराचे होत नाहीत. दोनाने नाही, तीनाने नाही, कशानेच नाही. शंभर मोडतो, एकशे एक मोडत नाही. म्हणजे आपले आजे-पणजे आहेरात न मोडणारा आकडा देत होते आणि आजवर कोणाच्या लक्षातच आलं नाही! कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, पुढे चला.

एकवीस मात्र मोडतो. तीन साते एकवीस. पण एकवीस हा पहिल्यापासून चिक्कू लोकांचा आकडा. एक्कावन्न तपासला नाही. दिसायलाच भक्कम आहे.

१७ जुलै, रविवार

रद्दीच्या दुकानातून शाळेचं गणिताचं पुस्तक आणलं. न मोडणाऱ्या आकड्यांना मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, एवढं सोडून तिला कशानेच भाग जात नाही. पुस्तकात शंभरपर्यंतच्याच दिल्या आहेत. पुढे लेखकाने कंटाळा केलेला दिसतो.

दुपारी सिद्धान्त मांडला. एक लिहा, त्यापुढे हवी तेवढी शून्यं लिहा, शेवटी शकुनाचा एक लिहा. तयार होईल ती मूळ संख्याच. नाव: घाडी शकुन सिद्धान्त. मग झोप लागली. मेंदूला थकवा येतोच.

१८ जुलै

एक हजार एक तपासला. सातने गेला. अकराने गेला. तेरानेही गेला. इतका तकलादू आकडा सिद्धान्तात धरणं योग्य नाही. अपवाद.

२१ जुलै

दहा हजार एक. पन्नासपर्यंतच्या सगळ्यांनी भागून पाहिलं, एकही लागला नाही. झकास! मालनला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता एवढी सुई ओवून द्या. हल्ली तिला सुईचं नेढं दिसत नाही. दिवसातून कितीदा ओवायला लावते. विचारांचा धागा तुटतो.

२४ जुलै, रविवार

नंदकुमार जेवायला आला. माझा मेव्हणा, मालनचा धाकटा भाऊ. बी.एस्सी. आहे आणि ट्रॉम्बेला अणुसंशोधनाच्या ठिकाणी कामाला आहे. आहे स्टोअरमध्ये, पण हवा तिथलीच खातो. त्याला दहा हजार एक दाखवला. त्याने खिशातून कॅल्क्युलेटर काढला, एका हाताने आमटी-भात आणि एका हाताने बटणं. ताकाला पोचायच्या आत म्हणाला, भावोजी, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस.

मग त्याला चेव चढला. एक लाख एक अकराने मोडला. दहा लाख एक तर एकशे एकनेच मोडला, म्हणजे आपलाच माणूस उलटला. एक कोटी एक पुन्हा अकराने. जेवताना गणित करू नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आजची स्थिती: सिद्धान्त पाळणारे दोन, अपवाद पाच. पण जे दोन आहेत ते फार पक्के आहेत.

२५ जुलै

रात्रभर विचार केला. (साडेदहापर्यंत.) नंदकुमारच्या कॅल्क्युलेटरवर आठच आकडे मावतात. दहा कोटी एकला नऊ लागतात. १०,००,००,००१. मशीनचा हात पोचत नाही तिथे माणसाचं काम सुरू होतं. ही माझी संख्या.

जाताना नंदकुमार म्हणाला होता, की मोडणारी असेल तर तिचा एक तरी तुकडा दहा हजारांच्या आत सापडतो. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, पुढे गरज नाही. अशा बाराशेच्या वर आहेत म्हणे. रोज वीस केल्या तर सप्टेंबरअखेर जगाला उत्तर मिळेल. पहाटेच बसायचं. चारला.

२६ जुलै

सकाळी ९. दोन, तीन आणि पाच नुसते बघूनच बाद. सात, अकरा, तेरा भागून बाद. पहिल्याच दिवशी सहा! संख्या जराही हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं. मालन फोडणी करत होती, तेही असेल.

२७ जुलै

सतरा. सतराचा पाढा मला सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत येतो, पुढे धुकं आहे. शाळेत त्यापायी हातावर वळ उठले होते. आता या वयात तेच पुन्हा कशाला? शिवाय दहा कोटी एकसारख्या भारदस्त संख्येला सतरासारखा आडमुठा आकडा लागेल, हे मनाला पटत नाही. सतरा बाद.

३० जुलै

कुंडलिक आला. आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी, गिरणीत माझ्याच पाळीला होता, आता चाळीच्या टेकडीखाली पिठाची गिरणी चालवतो. म्हणाला, दशरथ, बस स्टॉपजवळच्या दूध केंद्रावर माणूस हवा आहे. पहाटे साडेचार ते साडेसात. बाटल्यांचे क्रेट उतरवून घ्यायचे, लोकांना बाटल्या द्यायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या. साहेब माझ्या ओळखीचा आहे, तुझं नाव टाकतो, यार.

मी म्हटलं, टाइम ऑफिसचा माणूस बाटल्या विकणार? कुंडलिक म्हणाला, टाइम ऑफिसला टाळं आहे ना रे. बोलायची पद्धतच नाही त्याला. शिवाय पहाटेचा वेळ माझ्या अभ्यासाचा आहे, हे त्याला कसं सांगणार?

मालनने सुई पुढे केली.

६ ऑगस्ट

एकोणीस आणि तेवीस झाले. ठरलं होतं रोज वीस, होतायत आठवड्याला दोन. पण दर्जा चांगला आहे.

७ ऑगस्ट, रविवार

नंदकुमारकडे चिठ्ठी दिली. त्यांच्याकडे मोठा कॉम्प्युटर आहे, त्यावर दहा कोटी एक घालून बघ म्हटलं. तो म्हणाला, भावोजी, मला त्या बिल्डिंगमध्ये सोडतसुद्धा नाहीत. चिठ्ठी मात्र शर्टाच्या खिशात ठेवली. अशा ठिकाणची माणसं उघड बोलत नाहीत. समजायचं ते मी समजलो.

१२ ऑगस्ट

मालनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची शिलाई बंद करा. असंच चालू ठेवलं तर नुसत्या चष्म्याने भागणार नाही. घरी येताना टेकडी चढताना ती म्हणाली, कुंडलिकभावोजींनी तुमचं नाव टाकलंय. मुलाखत सतरा सप्टेंबरला आहे, शनिवारी. तुम्हाला लागली तर मी सुई खाली ठेवीन. मी म्हटलं, बघू. गिरणी कधीही सुरू होईल. सध्या तू थोड्या थोड्या वेळाने लांब बघत जा, डोळ्यांना आराम मिळतो. ती लांब बघायला लागली. बराच वेळ बघत होती.

१९ ऑगस्ट

नंदकुमारकडून निरोप नाही. म्हणजे तिथे तपास चालू आहे. आज खालच्या रस्त्याला एक सरकारी गाडी बराच वेळ उभी होती. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मालनला म्हटलं, चहाला आधण ठेव, चार माणसांचं. नंतर कळलं की महापालिकेची कुत्री पकडायची गाडी होती. चारही कप मीच प्यालो.

२८ ऑगस्ट, रविवार

नंदकुमार आला. चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली. त्याच्या बायकोच्या हातून. गणिताच्या इतिहासात बायकांनी किती नुकसान केलं आहे, याचा कोणीतरी अभ्यास केला पाहिजे.

मालनने विचारलं, सतरा तारखेचं लक्षात आहे ना? आहे, म्हटलं.

४ सप्टेंबर, रविवार

मोठी बातमी. गणपतीत चौदा तारखेला माझं जाहीर भाषण! कुंडलिककडे गेलो होतो. आधी म्हणाला, लोक झोपतील. मग म्हणाला, दहा मिनिटं देतो, संगीत खुर्ची आणि वेशभूषा यांच्या मधली, तोवर पोरांची रंगरंगोटी होईल. फळा म्युनिसिपल शाळेतून आणून देतो. विषय लिहून दिला: 'दहा कोटी एक: एक न मोडणारी संख्या'.

मालनने पुन्हा तारखेची आठवण केली. मी म्हटलं, आधी चौदा, मग सतरा. एकदा भाषण झालं की कदाचित दूध केंद्राची गरजच पडणार नाही. ट्रॉम्बेची माणसं गणपती बघत फिरतातच.

९ सप्टेंबर

मोरीच्या आरशासमोर भाषणाची तालीम. शेवटी समोरच्या लोकांना आव्हान द्यायचं: हवा तो आकडा सांगा, मी भागून दाखवतो, बाकी उरणारच. हे फार परिणामकारक होईल. आजपर्यंत किती मूळ संख्यांनी भागून झालं ते मोजत बसलो नाही. मोजण्यापेक्षा श्रद्धा महत्त्वाची.

१५ सप्टेंबर

सकाळी १०. काल भाषण झालं. एकंदरीत चांगलं झालं. गर्दी होती. टाळ्या पडल्या.

दुपारी ३. थोडा तपशील लिहून ठेवतो. सुरुवात उत्तम. पांढरा शर्ट घातला होता. आहेराचं पाकीट, शकुनाचा एक, अकरा, एकशे एक, लोक माना डोलवत होते. पहिल्या रांगेत नंदकुमार. फळ्यावर मोठ्या अक्षरांत १०,००,००,००१ लिहिला तेव्हा मंडप शांत झाला. निदान संगीत खुर्चीची रेकॉर्ड तरी बंद झाली. मग आव्हान दिलं. हवा तो आकडा सांगा!

बायकांच्या बाजूने आवाज आला, सतरा.

मालनचा आवाज.

संध्याकाळी ६. बाकीचंही लिहितो, नाहीतर ते डोक्यात फिरत राहील. मी म्हटलं, सतरा बाद आहे, दुसरा सांगा. कुंडलिक माइकवरून म्हणाला, बाद कसा, वहिनींनी मागितलाय, करून दाखव ना यार. लोक ओरडायला लागले, सतरा, सतरा. खडू हातात घेतला. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आलो. बाकी पंधरा, पुढे दीडशे. थांबलो. सगळं धुकं. तेवढ्यात मागून कोणीतरी सतराचा पाढा म्हणायला लागलं. मग सगळा मंडप. गिरणीतली माणसं ती, पाळीचा भोंगा ऐकल्यासारखी एका सुरात पाढा म्हणत होती आणि मी फळ्यावर पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच असं भराभर उतरवत होतो. इतकं बरं वाटलं. शाळेत असं कोणी केलं असतं तर!

शेवटी खाली उरले एक्कावन्न. मी वळलो आणि हात वर करून म्हटलं, बघा! एक्कावन्न! शेवटीसुद्धा शकुनच उरला!

आणि सगळा मंडप एका आवाजात म्हणाला, सतरा त्रिक एक्कावन्न.

बाकी शून्य.

टाळ्या त्यानंतर पडल्या. मी खडू धरून उभा होतो. एक पोरगं केळीचं पान गुंडाळून झाड होऊन आलं आणि म्हणालं, काका, सरका. सरकलो. वाईट वाटलं. मोठ्या माणसाला वाटू नये इतकं वाईट वाटलं.

घरी आल्यावर मालनला म्हटलं, तुला कसं माहीत की सतराने जातो? ती म्हणाली, माका काय म्हायती? माका तारखेची आठवण करूची होती. तिने चहा पुढे ठेवला. आकडो मोडलो तर मोडलो, म्हणाली. चाय घेवा आता, थंड जातली.

१६ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. दहा कोटी एक हा अपवाद आहे. सहावा. शंभर कोटी एक घेतला. सातने गेला. पहिल्याच झटक्यात. फळा एका बाजूला कलला होता, हे परवा कोणाच्या लक्षात आलं नाही.

कुंडलिक रस्त्यात भेटला. म्हणाला, उद्या नऊ वाजता, दशरथ. विसरू नको. दाढी कर.

१७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी ८. अंग कसकसतंय. ताप असावा. थर्मामीटर म्हणतो नाही, पण तो जुना आहे. केंद्राच्या त्या खिडकीत उभं राहायचं म्हणजे सगळी चाळ सकाळी बाटली घ्यायला समोर येणार आणि प्रत्येक जण सतरा त्रिक विचारणार. दोन आठवडे जाऊ देत, लोक विसरतील. मग जाईन. नक्की.

सकाळी ८.३०. मालनने शर्ट काढून ठेवला होता. दारात उभी राहिली. मी पांघरूण वर ओढलं. तिने मग शर्ट घडी करून ठेवला, चप्पल घातली आणि गेली. माझ्यासाठी पुढची तारीख मागायला गेली असणार. समजूतदार आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

नोकरी मालनला लागली.

नंदकुमार पेढे घेऊन आला, मालन त्याला सांगत होती तेव्हा नीट कळलं. मुलाखतीच्या साहेबाने विचारलं, दशरथ घाडी कुठे आहेत? ती म्हणाली, झोपलेत. साहेब फायली आवरायला लागला, मग म्हणाला, तुम्ही पहाटे उठता का? ती म्हणाली, आमच्या नळाला पाणी चारला येतं. त्याने लगेच तिचं नाव लिहिलं. मला ताप होता हे सांगायला ती विसरली.

मी म्हटलं, साहेबाची काहीतरी गफलत झाली असेल, मी जाऊन बोलतो. मालन म्हणाली, काय एक बोलू नका. कोपऱ्यात तिने साड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, ज्यांच्या त्यांना परत करायला. ते मी पोचवून आलो. पाच घरं. टेकडीवर चढ-उतार फार आहे.

२० सप्टेंबर

पहाटे ४. मालन केंद्रावर गेली. पायथ्यापर्यंत अंधार असतो आणि कुत्री आहेत. पकडायची गाडी येऊन गेली, पण कुत्री तेवढीच आहेत. पांघरुणात पडल्या पडल्या भुंकणं ऐकत होतो. मग उठलो आणि चप्पल शोधली. फक्त कुत्र्यांसाठी.

३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ९. रोज जातो. सोबत म्हणून गेलो होतो, पण ट्रकवाला क्रेट रस्त्यावर टाकून निघून जातो आणि भरल्या बाटल्यांचे क्रेट मालनला उचलत नाहीत. ते मी आत घेतो. लोक रांगेत असतात. सतरा त्रिक कोणी म्हणत नाही. प्रत्येकाला दुधाची घाई असते. मला वाटलं होतं तेवढं कोणाच्या लक्षातच नाही.

क्रेट मोजून घ्यायचं काम पहिल्या दिवशी मीच मागून घेतलं होतं. टाइम ऑफिसचा अनुभव. एक क्रेट कमी भरला. मालनने पुन्हा मोजले, बरोबर भरले. तिसऱ्या दिवशी एक जास्त भरला, तोही आपल्याकडे नव्हताच. तेव्हापासून ती म्हणते, मोजूचा माझ्याकडे ऱ्हवांदे, तुमी उचला.

आज तपासणीला साहेब आला. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, हे कोण? मालन म्हणाली, माझे मिस्टर. साहेब म्हणाला, बरं झालं, यांना मोजायला येतं का? मी शर्टाची कॉलर नीट केली.

मालनने जरा विचार केला. मग म्हणाली, उचलायला येतं.

साहेबाने तसं लिहून घेतलं. एक ऑक्टोबरपासून माझाही पगार धरतील म्हणाला. मला उचलायला येतं, हे खरं आहे. क्रेट रिकामे असले तर मी एका वेळी दोन उचलतो.